लेकरांचा दिवस

मी देश सोडला तो दिवस अठ्ठावीस डिसेंबरचा होता. तारीख मी निवडली नव्हती. आयर्लंडमधल्या एका नर्सिंग होमनं बोलावलं, एजंटनं विमानाचं तिकीट काढलं, आणि त्याला जोडून नांदेडहून मुंबईची संध्याकाळची गाडी मिळाली. बाबा जन्मभर रेल्वेत गँगमन होते, त्यामुळं स्टेशनावर ते मालकासारखे वावरायचे. त्या दिवशी मात्र माझ्या बॅगेची साखळी पुन्हा पुन्हा ओढून बघत होते. आई आमच्यासोबत उमरीहून आलीच नव्हती. ती मागून, चर्चमधलं सगळं आवरून, मिळेल त्या जीपनं येणार होती. गाडी फलाटाला लागली तरी तिचा पत्ता नाही. शेवटी ती पुलावरून पळत उतरताना दिसली. पदरावर मेणाचे थेंब वाळलेले, आणि एका पायातली चप्पल हातात.

"आजच निघालीस ते बरं झालं," धापा टाकत ती म्हणाली. "मरिया-योसेफबी ह्याच दिसांत लेकराला घेऊन परमुलखात गेलते. ज्यायला जाता आलं न्हाई, त्यायची लेकरं गेली."

मला वाटलं होतं ती मला पोटाशी धरून रडेल. मी चाललेय आणि हिच्या डोक्यात आजसुद्धा ताराच आहे, असं मनात आलं आणि मी तोंड फिरवून डब्यात चढले. गाडी हलली तेव्हा बाबा फलाटाच्या टोकापर्यंत चालत आले. आई जागची हलली नाही. तिचे दोन्ही हात मात्र वर होते, गाडी वळेपर्यंत.

उमरीतली जी पोरं माझ्यासारखीच पांगली, कुणी पुण्यात, कुणी हैदराबादला, कुणी आखातात, त्यांना तारा कोण हे सांगावं लागणार नाही. त्यांनी तिच्या दिवसाचा शिरा खाल्लेला आहे. बाकीच्यांसाठी सांगते.

येशूच्या जन्माची बातमी ऐकून हेरोद राजा घाबरला. आपलं सिंहासन घ्यायला कुणीतरी जन्मलंय असं त्याला वाटलं. बेथलेहेममधली दोन वर्षांखालची सगळी मुलं मारून टाका, असा त्यानं हुकूम काढला. योसेफाला स्वप्नात सावध केलं गेलं आणि तो बाळबाळंतिणीला घेऊन मिसर देशात निघून गेला. बाकीची मुलं मारली गेली. आम्ही ख्रिस्ती लोक नाताळनंतर तिसऱ्या दिवशी त्या निष्पाप बालकांची आठवण करतो. मोठ्या शहरांत सकाळच्या मिस्सेच्या प्रार्थनेत हे उरकतं, पुष्कळांना ठाऊकही नसतं. आमच्या उमरीत मात्र हा दिवस माझ्या आईमुळं जवळजवळ नाताळाएवढा झाला.

मी तिसरीत होते तेव्हाची गोष्ट. नाताळ जवळ आला होता आणि थंडी कडाक्याची होती. बाबा पहाटे रूळ तपासत चालले होते. रुळाखालच्या एका मोरीपाशी त्यांना मांजराच्या पिल्लासारखा आवाज आला. वाकून बघतात तर जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली मुलगी. नाळ सुतळीनं बांधलेली, कापड दवानं ओलंचिंब. बाबांनी तिला आपल्या स्वेटरच्या आत घेतलं आणि उलट्या पावली स्टेशन गाठलं. पोलीस आले. त्यांच्यात बाई माणूस नव्हतं. आई तेव्हा मिशनच्या दवाखान्यात आया होती, म्हणून हवालदार आमच्या दारात येऊन म्हणाला, "बाई, नांदेडच्या दवाखान्यापर्यंत तुम्हीच चला." आई दारावर लावायची कागदी चांदणी चिकटवत होती. ती तशीच टाकून, खळीचे हात पदराला पुसत, जीपमध्ये बसली.

ती पुढचे कितीतरी दिवस घरी आलीच नाही. दवाखान्यात कागदावर घालायला नाव विचारलं, तर अर्धवट राहिलेली चांदणी आठवून तिनं 'तारा' सांगितलं. रविवारी बाबा मला घेऊन गेले. काचेच्या पेटीत ती होती, माझ्या बाहुलीपेक्षा लहान. आई काचेला नाक लावून उभी होती. "बघ रूथ," ती म्हणाली, "कशी टकाटका आपल्याकडंच बघून राहिली."

बाबा हळूच म्हणाले, "बाप्तिस्मा करून घ्यायचा का? लेकरू लई नाजूक दिसायलंय."

"न्हाई," आई म्हणाली. "उद्या तिची माय आली तर? तिला न इचारता आपण कोण करणार?"

तिची माय आली नाही. मोरीतली थंडी छातीत उतरली होती, डॉक्टरांनी होतं ते सगळं केलं, पण नाताळच्या दोन दिवस आधी तारा गेली. आई तिच्याजवळच होती. कागदपत्रं करताना हवालदार सवयीनं म्हणाला, "बेवारस आहे, आम्ही लावू काय ती विल्हेवाट."

"बेवारस कशी?" आई म्हणाली. "मी हाय की."

पोलिसांची परवानगी मिळायला दिवस गेला, पण मिळाली. उमरीला आमच्या छोट्या चर्चमागं दफनाची जागा आहे. तिथं मात्र आमच्यातलीच दोन वडीलधारी माणसं आडवी आली. मुलगी कुणाची, कुठल्या धर्माची माहीत नाही, बाप्तिस्मा झालेला नाही, उद्या काही भानगड झाली तर निस्तरायचं कुणी? माणसं वाईट नव्हती, घाबरलेली होती. आमचे फादर तेव्हा नवीन होते, दक्षिणेकडचे. मराठी पुस्तकातून शिकलेले. ते म्हणाले, "बेथलेहेमच्या बाळ लोकांना बाप्तिस्मा कुणी दिला होता? तरी आपण त्यांना संत म्हणतो. ही बाळ पण त्यांच्यातली आहे." आणि झग्याच्या बाह्या वर करून त्यांनी स्वतःच कुदळ उचलली. मग त्याच दोघांनी त्यांच्या हातातून ती काढून घेतली.

पेटी स्टेशनसमोरच्या गफूरचाचांनी केली. चाचा सुतार, बाबांचे जुने दोस्त. सायकलच्या कॅरिअरवर पेटी बांधून ते आले. आईच्या हातात देताना म्हणाले, "भाभी, अंदर मखमल लगाया मैं. बच्ची को लकडी चुभना नै." आई तोपर्यंत रडली नव्हती. त्या मखमलीवर हात फिरवला आणि तिचा बांध फुटला.

त्या वर्षी अठ्ठावीस तारखेला फादरांनी बेथलेहेमची गोष्ट वाचली आणि शेवटी ताराचं नाव घेतलं. पुढच्या वर्षी आईनं गल्लीतली सगळी लेकरं गोळा केली. आमची, गफूरचाचांची नातवंडं, बौद्ध वाड्यातली, मारवाड्याची दोन. प्रत्येकाच्या हातात मेणबत्ती दिली, ताराच्या मातीवर लावायला लावली, आणि नंतर प्रत्येकाला शिरा वाढला. कुणीतरी म्हणालं, दुःखाच्या दिवशी गोड कशाला? आई म्हणाली, "दुःख मोठ्या माणसायनं करावं. लेकरायचा दिवस हाय, लेकरायनं खावं." फादर बदलून गेले, दुसरे आले, तेही गेले. दिवस राहिला.

मग शेवंतामावशी आल्या. त्या आमच्या घरामागच्या वस्तीत राहायच्या, शेतात मजुरीला जायच्या. त्यांचा सुमेध माझ्याहून दोन वर्षांनी लहान होता. शाळेतून येताना वाळूच्या हायवानं त्याला उडवलं. हायवा थांबला नाही. गोदावरीची वाळू भरून त्या दिवसांत ते ट्रक रात्रंदिवस पळायचे, कुणाचा कुठला ते कुणी सांगेना. ड्रायव्हर सापडलाच नाही. काही महिन्यांनी मावशी आमच्या उंबऱ्याशी येऊन उभ्या राहिल्या. आत या म्हटलं तरी येईनात.

"ताई, तुमच्या त्या दिवशी माझ्या पोराचं नाव घेता येतं का?" त्यांनी विचारलं. "आम्ही तुमच्यातले न्हाई. पण मेणबत्ती आमच्यातबी लावत्यात."

आईनं त्यांना हाताला धरून आत आणलं. पाणी दिलं. मग म्हणाली, "ताराला एकटीला करमत नसंलच. बरं झालं भाऊ आला."

त्या वर्षापासून दोन नावं झाली. हळूहळू आणखी होत गेली. विहिरीत ढकललेली एक पोर, आगीत गेलेली एक, एका बाईनं कानात सांगितलेलं एक नाव, ज्याच्याबद्दल आईनं आम्हाला कधी काही सांगितलं नाही. फादर बेथलेहेमची गोष्ट वाचायचे, आई नावं म्हणायची, आणि शेवंतामावशी चुलीवर शिरा हलवायच्या. लहानपणी मला वाटायचं, सगळ्या गावांत असंच असतं.

लातूरला नर्सिंगला गेले तेव्हा कळलं की नसतं. होस्टेलवरच्या ख्रिस्ती मुलींना मी अठ्ठावीस तारखेला शिरा कुठं मिळेल असं विचारलं आणि त्या माझ्याकडं बघतच राहिल्या. पण आईचं बोलणं मात्र माझ्याबरोबर लातूरला आलं होतं. बाळंतपणाच्या वॉर्डात एका बाईला तिसरी मुलगी झाली. आजी भिंतीकडं तोंड करून बसली. मी बाळ घेऊन तिच्यासमोर बसले आणि तोंडातून निघून गेलं, "बघा तरी मावशी, कशी टकाटका तुमच्याकडंच बघून राहिली." म्हातारीनं बघितलं. मग हात पुढं केले. तो आवाज माझा नव्हता, हे मला तिथंच जाणवलं. प्रकाशनं हे बघितलं होतं. तोही लातूरलाच शिकत होता, माझ्याच बॅचला. पुढं आमचं लग्न झालं, आणि मी आयर्लंडला गेल्यावर वर्षभरात तोही आला.

इथलं गाव पश्चिमेला आहे, समुद्राजवळ. हिरवं इतकं की उमरीच्या डोळ्यांना सुरुवातीला खोटं वाटायचं. माझं बोलणंही आता सरमिसळ झालंय. शिफ्ट, रोटा, हँडओव्हर, हीटिंग लाव, रिसायकलिंगचा डबा बाहेर ठेव. घरात आम्ही दोघं मराठी बोलतो, मुलगी एस्तर मराठीत ऐकते आणि इंग्रजीत उत्तर देते. नाताळ इथं झगमगाटात होतो आणि सव्वीसला दुकानांत सेल लागतो. अठ्ठावीसला काहीच नसतं. मी स्वयंपाकघरात मेणबत्ती लावायची, आईला व्हिडिओ कॉल करायची. फोन शेवंतामावशींच्या हातात असायचा आणि निम्मा वेळ मला नुसतं आभाळ दिसायचं.

चार वर्षांपूर्वी बाबा गेले. मी धावत गेले, मातीला पोचले. नंतर आईला म्हटलं, आता इथं एकटी कशाला राहतेस, माझ्याबरोबर चल. ती नाही म्हणाली. परतल्यावर मी दर रविवारी फोनवर तेच म्हणायची. गुडघे दुखतात, घरात पडलीस तर कोण बघेल? एकदा मी चिडलेच. "तुला त्या मातीतल्या मुलीची काळजी आहे, जिवंत मुलीची नाही."

आई म्हणाली, "तुला माय हाय, नवरा हाय, लेक हाय. तिला एकदा टाकलेलं हाय, रूथ. मी पुन्हा कशी टाकू?"

मी फोन ठेवला.

हा गुंता सोडवला शेवंतामावशींनी. त्यांनीच एक दिवस मला फोन केला. "तू तिकीट काढ," त्या म्हणाल्या. "म्या सांगितलंय तिला. एवढ्या सालाचा शिरा म्याच करते ना? नावंबी म्याच घेईन. मला सगळी तोंडपाठ हायेत. तारा माझ्या सुमेधाची बहीण हाय, तिला कोण टाकतंय?"

अशी आई गेल्या डिसेंबरच्या आधीच्या डिसेंबरात इथं आली. दोन स्वेटर, त्यावर प्रकाशचं जाकीट, डोक्याला मफलर, आणि त्या सगळ्यावर पदर. हीटिंगच्या पाइपाला पाठ लावून बसायची. एस्तरशी तिचं लगेच जमलं. आजी मराठीत रागवायची, नात इंग्रजीत वाद घालायची, दोघींचं भांडण तासभर चालायचं आणि कुणाचं काही अडायचं नाही.

शेजारी डोनल राहतात. पंच्याऐंशीच्या घरातले, मेंढ्या पाळतात, एकटेच. आम्ही नवीन होतो तेव्हा त्यांनी न सांगता आमच्या दारात अंडी ठेवायला सुरुवात केली, ती आजही चालू आहे. आईनं त्यांना चकल्या पाठवल्या. ते आभार मानायला आले आणि चहाला बसले. बोलता बोलता, तुझी आई काय शोधतेय, असं त्यांनी विचारलं, कारण अठ्ठावीस तारीख दोन दिवसांवर आली होती आणि आई मेणबत्त्या शोधत होती. मी त्यांना ताराची गोष्ट सांगितली. मोरी, मखमल, फादर, सगळं. बेथलेहेमच्या मुलांचा बाप्तिस्मा कुणी केला होता, हे फादरांचं वाक्य सांगितलं तेव्हा त्यांनी कप खाली ठेवला.

मग त्यांनी जे सांगितलं ते मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं. त्यांच्या वरच्या शेताच्या कोपऱ्यात, काटेरी झुडपांखाली, काही ओबडधोबड दगड रोवलेले आहेत. मी ते पाहिले होते, बांधाचे असतील असं समजले होते. जुन्या काळी बाप्तिस्म्याआधी गेलेल्या बाळांना चर्चच्या आवारात पुरायला मनाई होती. बापानं पेटी काखेत घ्यायची आणि अशा एखाद्या कोपऱ्यात ठेवून यायची. प्रार्थना नाही, फादर नाही. त्या जागेला ते किलीन म्हणतात. डोनल पाच-सहा वर्षांचे असताना त्यांची बहीण जन्मली आणि काही तासांतच गेली. ती तिथं आहे. त्यांची आई मरेपर्यंत त्याबद्दल एक शब्द बोलली नाही, पण त्या शेतात तिनं कधी नांगर घालू दिला नाही.

मी आईला हे मराठीत सांगितलं. ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "म्हणजे हितंबी टाकलेली लेकरं हायेत." आणि डोनलकडं बघून, जणू त्यांना मराठी येतंच अशा थाटात, "मग दादा, परवाच्याला तिकडंच जाऊ."

अठ्ठावीसला आम्ही वर गेलो. वारा एवढा की आईला एका बाजूनं प्रकाशनं आणि दुसऱ्या बाजूनं डोनलनी धरलं होतं. मेणबत्ती टिकेना, तेव्हा एस्तरनं जॅमची रिकामी बरणी आणली. उमरीत तोवर सगळं झालं होतं. शेवंतामावशींनी सकाळीच फोन लावून दाखवलं होतं, लेकरं ओळीत बसलेली, पत्रावळीत शिरा. या वेळी आभाळ नाही, सगळं नीट दिसलं होतं.

आईनं उमरीची नावं म्हटली, तारापासून सुरू करून. मग डोनलच्या बहिणीच्या दगडापाशी खाली बसली आणि मला म्हणाली, "इचार, नाव काय हिचं?"

मी विचारलं. डोनलनी मान हलवली. नाव ठेवलंच नव्हतं. तशी पद्धतच नव्हती.

"असं कसं?" आई म्हणाली. "मोठा भाऊ हाय ना हा? मग यानं ठेवावं."

मी हे सांगितलं तेव्हा डोनल समुद्राकडं वळले. मला वाटलं आईनं नको तिथं बोट ठेवलं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, दोन्ही हातांत धरली, आणि म्हणाले, "नोरा." त्यांच्या आईचं नाव.

"नोरा," आई म्हणाली. दगडावर तळवा ठेवून तिनं ते पुन्हा दोनदा म्हटलं, उमरीच्या तोंडात बसेपर्यंत. डोनल टोपीत तोंड लपवून रडले. खाली आल्यावर आईनं शिरा केला. त्यांनी दोनदा मागून खाल्ला.

फेब्रुवारीत आई परत गेली. मी थांब म्हटलं नाही. विमानतळावर या वेळी ती मला पोटाशी धरून भरपूर रडली, मीही रडले. मग तिनं माझ्या मफलरनंच दोघींची तोंडं पुसली.

गेल्या अठ्ठावीसला पहाटे फोन आला. इथं अजून अंधार होता, तिकडं चर्चमागं लख्ख ऊन. डोनल ठरल्याप्रमाणे आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसले होते, टाय बांधून. पडद्यावर आई आणि शेवंतामावशी शेजारी शेजारी उभ्या होत्या. आईनं नावं सुरू केली. तारा, सुमेध, आणि पुढची सगळी. शेवटी ती थांबली, श्वास घेतला आणि म्हणाली, "नोरा." समोरच्या लेकरांनी एका सुरात म्हटलं, "नोराऽ."

डोनल उभे राहिले. त्यांना बाकी एक अक्षर कळलं नव्हतं. तेवढं कळलं.

गर्दीतून कुणा बाईचा आवाज आला, "ही कोण गं नवी? कुणाची?"

आईनं मागं वळून सांगितलं, "आमच्या रूथच्या गावची हाय."

मी प्रकाशकडं बघितलं. आईनं या जागेला माझं गाव म्हटलेलं आम्ही दोघांनी पहिल्यांदाच ऐकलं होतं. तिकडं लेकरांची शिऱ्यासाठी ढकलाढकली सुरू झाली, मावशी ओरडायला लागल्या, कुणाचा तरी धक्का लागून फोन आडवा झाला. डोनल म्हणाले, "तुझी आई काय म्हणाली?"

मी त्यांना सांगितलं.